सोनेरी बत्तीशी, थेट तांड्यातून

सगळ्यात आधी सांगून टाकते, बक्षीस मला मिळालं नाही. उगीच शेवटपर्यंत ताटकळत ठेवायची सवय मला नाही. मिळालं नाही, आणि तरी गेल्या रविवारपासून मी कॉलर ताठ करून फिरते. आमच्या शाळेच्या ड्रेसला कॉलर नाही, हा भाग वेगळा.

मी पुनम देविदास आडे. नववी ब. आखाडा बाळापूरच्या अलीकडं डांबरी रस्ता सोडून आत वळलं की आमचा तांडा. घरात आमी गोरबोली, म्हणजे बंजाऱ्यांची भाषा, बोलतो, शाळेत मराठी, बाळापूरच्या बाजारात हिंदी, आणि इंग्रजीच्या तासाला काहीच नाही. हे सगळं मी मराठीत लिहिते. त्यात एक फायदा असा, की आमच्या तांड्यातल्या धुरपताबाई जे जसं बोलल्या ते तसंच्या तसं लिहावं लागत नाही. तसंच लिहिलं असतं तर कुणी छापलं नसतं.

तर गॅदरिंगला मी एकटीनं ‘तांड्याची बैठक’ केली होती. म्हैस हरवली म्हणून बैठक बसते. नायक, म्हणजे तांड्याचा प्रमुख, बोलतो, मग कुणाचा तरी साडू बोलतो, मग लग्नातल्या जुन्या रुसव्याचा विषय निघतो, मग पुढच्या इलेक्शनचा. म्हैस सोडून सगळ्याची चर्चा होते आणि म्हैस सगळ्यांच्या मागं उभी राहून ऐकत असते. नायक मीच, साडू मीच, म्हैसपण मीच. लोकांना म्हैस आवडली. रवंथ करता करता ती एकेकाच्या तोंडाकडं बघते ना, ते. माझा चुलतभाऊ विकास यानं ते मोबाईलवर घेतलं आणि टाकून दिलं. महिनाभरात कुठल्या कुठल्या राज्यातली माणसं माझ्या म्हशीला हसून राहिली होती.

मग मुंबईवरून फोन आला. अखिल भारतीय हास्य सन्मान! सिनेमातल्या, टीव्हीवरच्या आणि स्टेजवरच्या विनोदाला बक्षिसं देतात ते. यंदा त्यांनी गावाकडच्या कलाकारांसाठी एक वेगळं बक्षीस ठेवलं होतं. लोकांनी मतं दिली आणि शेवटच्या तिघांत मी! बाकीचे मुंबईत झगमगाटात बसणार आणि आमी तिघं आपापल्या गावातून लाईव्ह दिसणार. जिंकणाऱ्याला वर्षभर त्यांच्या टीव्हीच्या कार्यक्रमात काम. आणि ट्रॉफी म्हणजे सोन्याच्या रंगाची बत्तीशी. खरंच. दातांची. उघडी.

मला ती बत्तीशी पाहिजे होती. किती पाहिजे होती ते कसं सांगू? न्हाणीत उभी राहून मी रोज भाषण करायची आणि शेवटी बादलीचे आभार मानायची.

मुख्याध्यापकांनी शाळेच्या गेटवर माझा फोटो लावला. फोटोत मी आणि मुख्याध्यापक. मुख्याध्यापक मोठे.

रविवारी दुपारी गाडी आली. पांढरी, डोक्यावर सूप ठेवल्यासारखी छत्री. पुढं मोटरसायकलवर तातेराव. तातेराव म्हणजे बाळापूरचे केबलवाले. आमच्याकडची लाईन, जनरेटर, स्पीकर, सगळं त्यांच्याकडं दिलेलं. ते सकाळपासून प्रत्येकाला एकच सांगत होते, “बघा, जिल्ह्याच्या इज्जतीचा सवाल हाय.” कुत्र्यालासुद्धा सांगितलं असणार, कारण त्या दिवशी ते भुंकलं नाही.

गाडीतून एक मॅडम उतरल्या. मुंबईच्या, मराठीच, पण मराठी अशी की प्रत्येक वाक्य आधी धुऊन इस्त्री केलेलं. पायात पांढरेशुभ्र बूट. आमच्याकडं तेव्हा हळदीचा हंगाम. सेवालाल महाराजांच्या मंदिरापुढच्या पटांगणात सगळ्यांची हळद शिजवून वाळत घातलेली. भावसिंग नायकांनी कॅमेऱ्यापुरती जागा रिकामी करून दिली होती, पण मॅडम फोनवर बोलत बोलत थेट ढिगातून चालत आल्या.

“ओह, हे काय आहे?”

“हळद,” नायक म्हणाले. “काळजी करू नका, बुटाला चांगली असते.”

मॅडमनी मला जवळ घेतलं. खूप गोड बोलल्या. “तू आहेस तशीच राहा पुनम, काही बदलू नकोस.” असं म्हणून त्यांनी पिशवीतून मला बदलायचे कपडे काढले. माझ्यासाठी एक घागरा आणि याडीसाठी एक. याडी म्हणजे माझी आई, संगिताबाई. आरशांचे, लाल-हिरवे, गोंडे-घुंगरूवाले.

मला बघूनच कळलं. नवरात्रात दांडियाला घालतात ते होते. आमच्या फेटिया-कांचळीचा, म्हणजे आमच्या बायांच्या घागरा-चोळीचा, आणि त्याचा संबंध एवढाच, की दोन्हीला आरसे असतात.

तेवढ्यात धुरपताबाई आल्या. आता त्यांचं सांगायला पाहिजे. धुरपताबाई आमच्या तांड्याच्या होळीच्या म्होरक्या. अंगावर जुन्या पद्धतीचा पोशाख अजून रोज घालणाऱ्या त्या एकट्याच. आमच्याकडं होळीच्या आठवड्यात बायांचं राज्य असतं. पुरुषानं बाईला टोमणा मारला, की बाया काठ्या घेऊन त्याच्याभोवती उभ्या राहणार आणि एकेक जण त्याला उत्तर देणार. सगळ्यांचं उत्तर ऐकून झाल्याबिगर त्यानं जागा सोडायची नाही. पळाला तर हरला, आणि वर्षभर त्याला लोक ‘पळपुट्या’ म्हणणार. माझ्या एका मामाला अजून म्हणतात. आणि जो समोर नाही त्याला एक शब्द बोलायचा नाही, हाही कायदाच. होळीचा आठवडा लागला होता, म्हणून धुरपताबाई आणि बाकीच्या बाया दुपारपासून मंदिरामागं सराव करून राहिल्या होत्या.

धुरपताबाईंनी काठीच्या टोकानं घागरा उचलून बघितला.

“हा कुणाच्या लग्नातला?”

“हा तुमचा पारंपरिक पोशाख आहे आजी,” मॅडम म्हणाल्या.

धुरपताबाईंनी आधी घागऱ्याकडं बघितलं, मग स्वतःच्या अंगावरच्या कपड्याकडं, मग परत घागऱ्याकडं. “मग मी इतके वर्ष काय नेसून राहिले?” असं म्हणून त्या सरावाला गेल्या.

इथपर्यंत मी हसतच होते. घागरा तर घागरा. बत्तीशीसाठी मी गोणपाट नेसलं असतं.

मग मॅडमनी मोबाईलवर लिहून आणलेलं दाखवलं. आधी म्हशीचं काम. छान. मग मुंबईच्या स्टेजवरचे निवेदक मला विचारणार, तुम्हारी माँ क्या करती है? तेवढ्यात याडी मागून येणार, तिथं उभ्या असलेल्या लाईटवाल्याच्या खिशात हात घालणार आणि त्याचं पाकीट काढणार. मी डोक्याला हात लावून म्हणणार, “याडी, यहाँ भी?” मग मुंबई हसणार.

मी दोनदा वाचलं.

“मॅडम, हे काहून?”

“अगं, गंमत आहे. स्वतःवर हसता येणं हाच खरा विनोद. मोठे मोठे कलाकार करतात.”

“पण हे माझ्यावर न्हाई. हे याडीवर हाय.”

“तू किती गंभीर आहेस गं!” त्या हसल्या. “एवढं एक वाक्य. सगळं त्याच्यावर बांधलंय. परीक्षकांनाही माहिती आहे. हे नाही केलंस, तर त्या बाकीच्या दोघांपुढं तुझ्याकडं राहतंय काय? फक्त एक म्हैस.”

तातेराव मधी पडले. “पुनम, बेटा, कशाला तकलीफ करून घेतीस? पाच सेकंदाचं काम. जिल्ह्याच्या इज्जतीचा…”

“काका, इज्जत कुणाची म्हणला तुमी?”

ते स्पीकरची वायर तपासायला लागले.

तुम्हाला वाटेल, एका पाकिटाचं एवढं काय. मग बाळापूरला एक दिवस माझ्या याडीसोबत बाजाराला चला. ती कपड्याच्या दुकानात शिरली की शेठ पोराला खुणावतो. पोरगं उगीच आमच्या मागं मागं फिरतं. बाहेर पडताना, “पिशवी दाखवा मावशी.” आमच्या मागं उभ्या असलेल्या बाईला नाही. आमालाच. इंग्रजांनी कधीकाळी लिहून ठेवलं म्हणे, ही जात चोराची. इतिहासाच्या पुस्तकात इंग्रज गेले. त्या दुकानातून गेले नाहीत.

मी घरात गेले. याडी घागरा नेसून बसली होती. नाडी मोठी होती म्हणून गाठ मारून राहिली होती.

“याडी, त्यांनी तुला सांगितलं काय करायचं ते?”

“सांगितलं की.”

“मग?”

“मग काय? करते.”

“याडी! अख्खा देश बघणार हाय.”

तिनं गाठ आवळली. वर बघितलं नाही. “बाजारात फुकट ऐकते. हितं निदान तुला काही भेटल.”

बाहेरून तातेराव ओरडले, “चला चला, लाईन लागली!”

संध्याकाळ झाली होती. पटांगणात लाईट इतके, की हळद सोन्यासारखी दिसत होती. समोर कॅमेरा. त्याच्या डाव्या बाजूला लांब एक टीव्ही, त्यात मुंबई. लाल गालिचा, गोल टेबलं, मोठी मोठी माणसं. मधी निवेदक, चमकत्या निळ्या कोटात, हातात ती सोनेरी बत्तीशी. तांडा सगळा कॅमेऱ्यामागं जमलेला. सरावाहून आलेल्या बाया एका अंगाला, काठ्या हातातच. मॅडमनी त्यांना बजावून ठेवलं होतं, शांत राहायचं.

मॅडमनी बोटं दुमडत मोजलं. तीन, दोन, एक.

म्हैस चांगली झाली. खरं सांगते, आजपर्यंतची सगळ्यात चांगली झाली. मुंबईचं हसू थोडं उशिरा पोचायचं, म्हणून मी म्हशीला तेवढा वेळ जास्त रवंथ करायला लावला, आणि त्यालाच ते जास्त हसले. टीव्हीत एक जाडजूड बाई टेबलावर हात आपटून राहिली होती. मला वाटलं, झालं, आली बत्तीशी.

मग निवेदक म्हणाले, “वाह पुनम! और पीछे आपकी माताजी दिख रही हैं। बताओ, माँ क्या करती हैं?”

मागं घागऱ्याचे घुंगरू वाजले. याडी निघाली होती. लाईटवाला पोरगा खिसा पुढं करून तयार. याडीचा चेहरा मला दिसला. बाजारात पिशवी दाखवताना करते तोच चेहरा. तोंडावर हसू आणि नजर दुसरीकडंच.

मी तिचा हात धरला. मनगटापाशी, घट्ट.

“हळद पिकवती,” मी म्हटलं. मराठीतच. “शेती करती. मला हसायला तिनंच शिकवलं.”

मॅडम कॅमेऱ्यामागून हात हलवून राहिल्या, पाकीट, पाकीट! निवेदकांना काय पाहिजे ते मिळालं नव्हतं, म्हणून त्यांनी ते स्वतःच घेतलं.

“अरे कैमरामैन भाई,” ते स्वतःच हसत म्हणाले, “अपनी जेब संभालना! तांडे में खड़े हो!”

आणि मुंबई हसली. स्पीकर मोठे होते. ते हसू आमच्या पटांगणभर पसरलं. तांड्यात कुणी हसलं नाही.

याडीचा हात मी सोडला नाही.

तेवढ्यात मागून धुरपताबाईंचा आवाज आला. “पुनम. काय म्हणला गं तो?”

मॅडम ओठांवर बोट ठेवून माझ्याकडं बघत होत्या. तातेराव डोळ्यांनी पाया पडत होते. नुसती हसले असते तरी चाललं असतं. एक हसू, आणि कुणी सांगावं, बत्तीशी अजून माझीच.

“म्हणला, खिसा सांभाळ, तांड्यात उभा हायेस,” मी सांगितलं. मोठ्यानं सांगितलं.

धुरपताबाईंनी मान डोलवली. अगदी शांतपणे, कुणीतरी भाजीचा भाव सांगितल्यासारखं. मग बाकीच्या बायांकडं वळल्या.

“पुरुष हाय का?”

“हाय,” बाया म्हणाल्या.

“आपल्या तांड्यात येऊन बोलला का?”

“बोलला.”

“होळीचा आठवडा हाय का?”

“हाय!”

“धुरपताबाई,” नायक घाईनं म्हणाले, “अहो, तो मुंबईत हाय. टीव्हीत हाय.”

“असंल. समोर दिसून राहिला ना? बोललेलं आपल्या पटांगणात ऐकू आलं ना? मग उभा राहील आणि ऐकंल.”

आणि दहा-बारा बाया काठ्या घेऊन थेट टीव्हीवर चालून गेल्या.

हे मुंबईच्या कुणाला कधी सुचलं नसतं. बायांना कॅमेऱ्याशी काय देणंघेणं? ज्यानं टोमणा मारला तो टीव्हीत होता, म्हणून त्या टीव्हीला गोल करून उभ्या राहिल्या. कॅमेऱ्याकडं पाठ. अख्ख्या देशाला त्या वेळी माझ्या तांड्यातल्या बायांच्या पाठी दिसत होत्या आणि वर उडणाऱ्या काठ्या. निवेदक डोळे बारीक करून बघत होते, नक्की काय चाललंय.

मी याडीचा हात सोडला. धावत गेले, टीव्हीचं स्टँड धरलं आणि फरफटत कॅमेऱ्याच्या बरोबर खाली आणून ठेवलं. वायर ताणली, विकासनं मागून सोडवली. बाया टीव्हीसोबत फिरल्या, आणि आता त्या देशाच्या तोंडासमोर! मी माईक धुरपताबाईंच्या हनुवटीखाली धरला.

“अय चमकत्या कोटाच्या!” धुरपताबाईंनी काठी आपटली. “त्या कोटाला बटन लावलंय, का पोटाला टाका घातलाय?”

मी लगेच हिंदीत सांगितलं. भाषांतर असं जमलं मला त्या दिवशी! गुरुजींनी ऐकलं असतं तर हिंदीत पैकीच्या पैकी दिले असते.

निवेदकांचा हात आपोआप बटनावर गेला. आणि मागं ती जाडजूड बाई, टेबलावर हात आपटणारी, ती फुटली.

मग भिकाबाई पुढं आल्या. भिकाबाई आमच्या शेजारच्या, एरवी कुणाशी दोन शब्द बोलत नाहीत. “आमच्या तांड्याच्या खिशाची काळजी करतो रे, तुझी पँट इतकी घट्ट, की खिशात हात घालायला गेला तर तुझाच हात अडकून बसंल! काढायला आमालाच बोलवावं लागंल!”

हिंदीत सांगितलं. एक टेबल हसलं, मग दुसरं. लाटेसारखं. आणि उशिरानं पोचत असल्यामुळं आमच्याकडं प्रत्येक हसू बायांच्या पुढच्या टोमण्यावर येऊन आदळायचं.

“विनोद सांगायच्या आधीच हसतो,” तिसरी म्हणाली. “लोक हसायचे न्हाईत म्हणून भेव वाटतं का रे बाळा?”

ते ऐकून निवेदक हसायला गेले, आणि आपण आधी हसतोय हे ध्यानात आल्यावर मधीच थांबले. तोंड तसंच उघडं. हातातल्या ट्रॉफीसारखं.

“बहुत बढ़िया, बहुत बढ़िया!” ते म्हणाले. “चलिए, हम आगे बढ़ते हैं…”

“थांब!” धुरपताबाईंची काठी टीव्हीच्या काचेसमोर. “अजून आठ जणी राहिल्या! हलू नको!”

टीव्ही काळा झाला.

“पळाला!” सगळ्या एकदम ओरडल्या. “पळाला! पळपुट्या! पळपुट्या!” आणि जो गलका उठला, पोरं, म्हातारे, नायक, विकास, सगळे. माझा मामा सगळ्यांत मोठ्यानं. एवढ्या वर्षांनी त्याला जोडीदार मिळाला होता.

मॅडम मात्र एका जागी उभ्या होत्या, कानाला फोन. बोलणं झालं, आणि त्या माझ्याकडं आल्या. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

“पुनम, ऐक. आजचं बक्षीस गेलं, ते विसर. पण कार्यक्रम उद्या पुन्हा दाखवतात. तेव्हा हा तुकडा काढून टाकायचाय. त्याच्या जागी आपण ठरलेलं रेकॉर्ड करू. आई येते, पाकीट काढते, तू ते वाक्य म्हणतेस. पाच सेकंद. मग मी वर बोलते. टीव्हीच्या कार्यक्रमातली जागा तुला अजून मिळू शकते. तू खरंच चांगली आहेस. मी हे सगळ्यांना म्हणत नाही.”

लाईटवाला पोरगा परत जागेवर जाऊन उभा राहिला. पाकीट खिशात अर्धं बाहेर.

मी याडीकडं बघितलं. ती म्हणाली, “तू म्हण, तसं.” खरंच म्हणाली. मी हो म्हटलं असतं तर तिनं केलं असतं, आणि आयुष्यात कधी बोलून दाखवलं नसतं.

“न्हाई,” मी म्हटलं.

“विचार कर.”

“केला मॅडम. म्हैस दाखवायची तर दाखवा. बाया दाखवायच्या तर सगळ्या दाखवा, त्या राहिलेल्या आठ पण घ्या. माझी याडी कुणाच्या खिशात हात घालणार न्हाई. टीव्हीत न्हाई, गंमत म्हणून न्हाई, कशालाच न्हाई.”

“पुन्हा असा फोन येणार नाही तुला.”

“नसंल यायचा. मीच करीन.”

कुणाला करीन ते मलाही माहिती नव्हतं, पण बोलताना बरं वाटलं.

याडी घरात गेली, लुगडं नेसून आली आणि घागऱ्याची घडी घालून मॅडमच्या हातात दिली. नाडीची गाठ सोडून दिली होती. “मापाचा नव्हता,” एवढंच म्हणाली.

मॅडम जाताना हळदीचा ढीग वळसा घालून गेल्या. तातेराव माझ्याशी न बोलता वायर गुंडाळत होते, पण गुंडाळता गुंडाळता त्यांचे खांदे हलून राहिले होते. नंतर विकास म्हणाला, ते ‘पोटाला टाका’ पुटपुटत होते.

बाकीचा कार्यक्रम आमी नायकांच्या घरी बघितला. बत्तीशी झारखंडच्या एका नर्सताईला मिळाली. दवाखान्यात सलाईन लावताना पेशंट कसे कसे देवाचं नाव घेतात, ते तिनं केलं. भारी होती. मी टाळ्या वाजवल्या, खऱ्या वाजवल्या. मग गोठ्यामागं जाऊन रडले. रडले तर काय झालं? मला पाहिजे होती ती. न्हाणीतल्या बादलीला मी काय सांगू?

डोळे पुसून पटांगणात आले तर याडी एकटी हळद गोळा करून राहिली होती. मंदिराच्या ट्यूबलाईटखाली, गाडीच्या चाकांनी इकडं-तिकडं उडालेली. मी पण बसले. दोघी हळकुंडं वेचत राहिलो.

“पुनम,” ती म्हणाली, “मलापण एक सुचलं व्हतं.”

“काय?”

“त्याला सांगायचं. पण माझा नंबर यायच्या आधीच पळाला मेला.”

“काय गं? सांग की.”

तिनं आजूबाजूला बघितलं. कुणी नव्हतं. हातातलं हळकुंड टोपल्यात टाकलं आणि एकदम तोंड गंभीर केलं. इतकं गंभीर, की मला कळलं, माझी म्हैस कुठून आली ते.

“त्याच्या खिशात हात घालून मला काय भेटणार व्हतं?” ती म्हणाली. “दुसऱ्यानं लिहून दिलेली चिठ्ठी. तिच्यावर लिहिलेलं: हितं हसा.”

मी हळदीच्या ढिगावर आडवी झाले. पोट धरून. याडी माझ्याकडं बघत बसली, मग तिचंही सुटलं. आमचा आवाज ऐकून दोन-तीन घरांची दारं उघडली.

“याडी! हे तू लाईव्हला काहून न्हाई बोललीस?”

“म्हटलं ना, पळाला.”

“थांब. उठू नको.” मी विकासला हाक मारून मोबाईल मागवला. ट्यूबलाईट तिच्या तोंडावर येईल असं बसवलं. “परत म्हण. जसंच्या तसं.”

“ह्या लुगड्यावर?”

“ह्याच लुगड्यावर.”

“आणि कुणी बघितलं तर?”

“बघू दे की. बघायसाठीच हाय.”

तिनं पदरानं तोंड पुसलं. तोंडाला आणखी हळद लागली. सरळ बसली, आणि पहिल्यांदा नजर इकडंतिकडं न करता बरोबर समोर, मोबाईलमधी बघितलं.

“मी संगिता देविदास आडे,” ती म्हणाली. मग माझ्याकडं वळून, “नुसतं नाव सांगून थांबू नको म्हणतीस ना?”

“आता पुढं बोल, याडी!”